पाणी कोणी सांगितलं?

आईच्या कपाटातल्या साड्या मी एकेक करून पलंगावर काढत होते. बोईसरची ही दोन खोल्यांची जागा आता रिकामी करायची होती. बाबा गेल्यावर दोन वर्षं आईने इथे एकटीने काढली, आता ती माझ्याकडे पुण्याला येणार होती. खालच्या कप्प्यातली शेवटची साडी उचलली आणि तळाशी अंथरलेला कागद दिसला. जुन्या कॅलेंडरचं पान. पिवळं पडलेलं, कडा कुरतडलेल्या, डांबराच्या गोळ्यांचा वास पिऊन बसलेलं. जानेवारी महिना. चौकटींमध्ये आईचं बारीक अक्षर: ‘गॅस लावला’. ‘सुलू आली’. ‘वनिता राहायला’. त्यापुढे चार दिवस सोडून एका चौकटीत आईने काहीच लिहिलेलं नव्हतं. तिथे फक्त छापलेलं होतं, मुंगीएवढ्या अक्षरात: शुद्ध द्वितीया.

मी तिथेच पलंगावर बसले. आई स्वयंपाकघरातून विचारत होती, “अगं, पितळेचे डबे न्यायचे की कुणाला द्यायचे?”  सव्वीस वर्षं ते पान आईच्या साड्यांखाली पडून होतं आणि मी दर दिवाळीला येऊन त्याच कपाटातून पांघरुणं काढत होते.

त्या काळी बोईसरला वारा नाकाने ओळखायचा. कारखान्यांकडून आला की आंबूस-गोड, घशाशी चिकटणारा वास यायचा. समुद्राकडून आला की भर दुपारी सुक्या मासळीचा. पहिल्या वासाला आई ‘औषधाचा वास’ म्हणायची आणि खिडकी लावून घ्यायची. दुसऱ्या वासाला ती काही म्हणायची नाही, पण खिडकी मात्र लावायचीच. आम्ही सांगलीकडची माणसं. बाबा नोकरीसाठी इथे आले आणि राहिले. रस्त्यावर हिंदी, घरात सांगलीची भाकरी, आणि समुद्र सात-आठ किलोमीटरवर. वर्षातून एकदा पाहुणे आले की त्यांना केळव्याला नेऊन नारळपाणी पाजायचं, चपला हातात घेऊन घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहायचं आणि परत यायचं, एवढीच आमची आणि समुद्राची ओळख.

माझी खरी ओळख झाली ती वनितामुळे. आम्ही दोघी पालघरच्या कॉलेजात बारावी सायन्सला होतो. वनिता नवापूरची. तिचे बाबा होडीवर, आई मासळी विकणारी. डब्यात तिच्या सुका जवळा असायचा, कांद्यावर परतलेला, आणि माझ्या डब्यात बटाट्याची भाजी. महिन्याभरात आमच्या डब्यांची अदलाबदल पक्की झाली होती. तिला नर्स व्हायचं होतं. उगाच व्हायचं नव्हतं, अगदी वेड्यासारखं व्हायचं होतं. पिशवीत कायम एक पट्टीचा रोल असायचा आणि दिसेल त्याला ती पट्ट्या बांधत सुटायची. माझं मनगट, बाकाचा पाय, लायब्ररीतल्या शिपाईमामांचा न दुखणारा गुडघा. “बारावी नीट पास हो, मग मुंबईला पाठवतो,” असं तिचे बाबा म्हणाले होते. आई तितकी तयार नव्हती. पण नाही असंही ती म्हणत नव्हती, आणि वनिता त्या न म्हटलेल्या ‘नाही’वर सगळं मांडून बसली होती.

पाण्याचं गणित मला तिनेच शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन: तीनला भरती, त्याच्या सहा तास आधी, नऊला, पुरती ओहोटी. आमच्या आजोबांना पाऊणकीचा पाढा येत होता म्हणे. वनिताच्या आईला शाळा माहीत नव्हती, पण ती बोटांच्या पेरांवर पाऊणकी करायची आणि घड्याळ तिला कधी खोटं पाडायचं नाही. त्यांच्याकडे एक रीत होती. कालवं, म्हणजे खडकांना चिकटलेले शिंपले, काढायला बायका निघाल्या की त्यांच्यातली एक जण ‘पाणी सांगायची’. कधी जायचं, कधी उठायचं, ते तिने सांगायचं. सगळ्यांच्या पुढे ती उतरायची आणि सगळ्यांच्या मागून परतायची. काही झालं तर जबाब तिचा. त्यांच्या आळीत पाणी सांगायची वनिताची आई.

पौषातल्या थंडीत माझी मावसबहीण सुलू मिरजेजवळच्या गावाहून आमच्याकडे आली होती. तिने समुद्र पाहिला नव्हता. वनिताही तेव्हा चार दिवस आमच्याकडेच राहायला होती. प्रॅक्टिकलची जर्नलं पुरी करायची होती आणि तिच्या घरी दिव्याची पंचाईत होती. सुलूने दोन दिवस समुद्राचा जप केल्यावर वनिता म्हणाली, “केळव्याला काय ठेवलंय? आमच्या खडकांवर नेते. कालवं खाऊ घालते.” ठरलं. दुसऱ्याच दिवशी जायचं.

त्या संध्याकाळी जेवणं लवकर आटोपली. आई नको नको म्हणत असताना वनिता भांडी घासायला बसली होती. तिचे हात कोपरापर्यंत साबणाने भरलेले. मी ओट्याशी टेकून उभी होते. ती म्हणाली, “गो, उद्याची तिथी बघ ना जरा. क्यालेंडर तुझ्या मागंच हाय.”

मी वळून पाहिलं. शुद्ध द्वितीया. पाऊणकी मला एव्हाना येत होती. दोन पाऊण दीड. दीडला भरती, म्हणजे साडेसातला ओहोटी. म्हणजे सहाला खडकांवर पोचायचं, म्हणजे पहिली एसटी, म्हणजे साडेचारला उठून त्या थंडीत तोंड धुवायचं. मला झोप प्यारी होती. याहून मोठं काही कारण असेल, ते शोधायचा मी पुढे पुष्कळ प्रयत्न केला. सापडलं नाही.

“चतुर्थी,” मी म्हणाले.

वाटलं होतं, दोन तिथींनी असा काय फरक पडतो? दीड तास. दीड तास झोप मिळेल आणि समुद्र काही पळून जात नाही. वनिताने मान वर करून कॅलेंडरकडे पाहिलंसुद्धा नाही. साबणाचा फेस गळणाऱ्या बोटांची पेरं मोजली आणि म्हणाली, “तीनाला भरती. मग आठाला गेलो तरी झालं. अकराच्या आत परत.” आकाशात पाहिलं असतं तर चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी दिसायला हवी ती चंद्रकोर नाही हे तिच्या लगेच ध्यानात आलं असतं. पण आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची, बाकी काही दिसायचं नाही.

सकाळी आम्ही आरामात उठलो. आरामात पोहे खाल्ले. एसटीत सुलू स्वेटर आणि बाबांची माकडटोपी घालून खिडकीशी बसली होती आणि दर वळणावर “आला का गं?” म्हणून विचारत होती. नवापूरला उतरलो तेव्हा वनिताच्या घरी कुलूप. बाबा समुद्रावर, आई मासळीची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात. आमच्याच वाटेने ती गेली असणार. आमची एसटी आणि तिचा टेंपो कुठेतरी एकमेकांसमोरून गेले असतील. वनिताने छपराखालून एक टोपली काढली आणि दाराआडच्या खुंटीवरची आईची कोयती. हातभर नव्हती ती, वीतभर लोखंड आणि घामाने काळी गुळगुळीत झालेली लाकडी मूठ. कालवं याच कोयतीने फोडायची. तिच्या आजीपासून ती घरात होती.

वाळूवर बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या रांगा होत्या आणि त्याखालून मांजरं फिरत होती. समुद्र खूप लांब गेलेला, इतका लांब की सुलू खट्टू झाली. “एवढाच?” ती म्हणाली. मला हसू आलं. ओल्या वाळूतून चालत, मध्ये एक गुडघ्याइतकी घळ ओलांडून आम्ही खडकांकडे निघालो. तेवढ्यात पलीकडच्या अंगाने, बऱ्याच लांबून, तीन-चार बायका डोक्यावर टोपल्या घेऊन गावाकडे परतताना दिसल्या. वनिता थांबली.

“ह्या एवढ्या लवकर कशा परतल्या?” डोळ्यांवर हात धरून ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “चौथच ना गो?”

“चौथच,” मी म्हणाले.

पहिलं खोटं झोपेचं होतं असं म्हणता येईल. या दुसऱ्याला मी आजतागायत नाव देऊ शकले नाही. चांगलं ऊन पडलं होतं, मी पूर्ण जागी होते.

खडकांवरचा तो तास मात्र अजून माझ्यापाशी जसाच्या तसा आहे, आणि तो तसा आहे याचीही मला लाज वाटते. शेवाळाचा ओला, गार, लोखंडासारखा वास. खडकांच्या फटींतून चाललेली पाण्याची चुळबूळ. वनिता उकिडवी बसून कोयतीने टक टक करत कालवांची झाकणं उडवायची, आतला मऊ करडा गर टोकावर उचलून आमच्यापुढे धरायची. सुलूने डोळे मिटून तोंड उघडलं.

“आगं, ह्ये नुसतं गिळायचं? चावायचं न्हाई?”

“चावलंस तर तुझं, गिळलंस तर देवाचं,” वनिता म्हणाली आणि आम्ही तिघी हसत सुटलो. त्यात काही अर्थ नव्हता. सतरा वर्षांच्या मुलींना हसायला अर्थ लागत नाही. सुलूने मग एकामागून एक अशी वीसेक कालवं खाल्ली आणि गावी जाऊन हे कुणाला सांगायचं नाही अशी आम्हा दोघींना शपथ घातली; त्यांच्या घरी माळकरी वातावरण होतं. डबक्यांत साठलेल्या पाण्यातले बारीक मासे, शंखातून डोकावणारे खेकडे, मनगटावर वाळलेलं मीठ. टोपली अर्धी भरली होती.

वनिताचे हात एकाएकी थांबले. ती फटीतल्या शेवाळाकडे बघत होती. इतका वेळ समुद्राकडे लोळलेलं ते शेवाळ आता गावाच्या बाजूला झुकलं होतं. ती उठली आणि मागे पाहिलं. मीही पाहिलं. समोरचा समुद्र होता तिथेच होता, जरा फुगल्यासारखा, बस. पण आमच्या मागे, खडक आणि किनारा यांच्यामध्ये, जिथून आम्ही गुडघाभर पाण्यातून आलो ती घळ भरून वाहत होती.

“उठा,” वनिता म्हणाली. ओरडली नाही. “चपला टाका. ओढण्या काढा.”

तिने तिघींच्या ओढण्यांना गाठी मारल्या, एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं, मध्ये सुलूला घेतलं, शेवटी मला. घळीत उतरलो तेव्हा पाणी कमरेला लागलं, चार पावलांवर छातीला. पाणी बाजूने ओढत होतं. पाय टेकावा तर खालची वाळू निघून जायची. सुलूला पोहता येत नव्हतं. मला स्विमिंग पूलमध्ये येत होतं. सुलू घसरली, खाली गेली, तिचा पाय कुठल्यातरी कालवं चिकटलेल्या दगडावर आपटला आणि ती अशी किंचाळली की मी ओढणी सोडून दिली. होय, सोडून दिली. वनिताने एका हाताने सुलूची वेणी धरली आणि दुसऱ्या हाताने माझा दंड, आणि आम्हाला मागे खडकावर ओढून घेतलं. त्या ओढाताणीत टोपली गेली. कोयतीही गेली.

सगळ्यांत उंच खडकावर आम्ही चिकटून उभ्या राहिलो. सुलूच्या तळव्यातून रक्त येत होतं आणि ती तोंडातल्या तोंडात आपल्या गावच्या देवीला हाका मारत होती. पाणी आधी घोट्याशी आलं. वनिता लाल ओढणी डोक्यावर फिरवत गावाकडे तोंड करून ओरडत होती आणि मधूनच बोटांची पेरं मोजत होती, पुन्हा पुन्हा, हिशेब कुठे चुकला ते शोधत. मला तो हिशेब माहीत होता. मी तिच्या खांद्याला धरून उभी होते, आणि बोलत नव्हते. पाणी गुडघ्याशी आलं.

जाळी काढायला निघालेल्या, वनिताच्या आळीतल्या जगनकाकांनी ती लाल ओढणी पाहिली. त्यांची होडी लहान होती, वल्ह्याची. खडकाला लावताना ती दोनदा आपटली. आम्हाला त्यांनी एकेकीला बकोट धरून आत टाकलं, वनिताला सगळ्यांत शेवटी, आणि होडी किनाऱ्याकडे वळवली. वाळूवर बायका जमल्या होत्या. कुणीतरी सुलूभोवती गोधडी टाकली. तेव्हा जगनकाकांनी वल्हं खाली ठेवलं आणि विचारलं, “पानी कोनी सांगितलं?”

 बोंबलांच्या काठ्यांवरून वारा जात होता, त्याचा आवाज येत होता.

“मी,” वनिता म्हणाली.

दुपारी तिची आई बाजारातून आली तोवर गावभर झालं होतं. तिने रिकामी पाटी दारात ठेवली, आम्हा दोघींच्या डोक्यावरून हात फिरवला, “पोरींनो, जेवलाव का?” असं विचारलं. मग वनिताकडे वळली.

“आज बीज हाय. दीडाची भरती. तू काय मोजलंस?”

“चौथ.”

“चौथ? कुटून आनलीस चौथ?”

वनिताने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वाट बघावी तसं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, ‘मावशी, मी वाचून सांगितली होती, माझी वाचण्यात चूक झाली.’ तेही अर्धं खोटंच झालं असतं, पण तेवढ्याने भागलं असतं. पाहुण्या पोरीची चूक, घाटावरच्या पोरीला तिथीतलं काय कळतं, म्हणून बायका हसल्या असत्या. मी सुलूच्या पायाशी वाकले आणि गोधडीचं टोक नीट करू लागले. आता बाबा येतील, सुलूच्या आईला कळवावं लागेल, माझ्या भरवशावर पाठवलेली पोर, हे सगळं डोक्यात गरगरत होतं. गोधडीचं ते टोक मी किती वेळ नीट करत होते कोण जाणे.

“चुकलं, आये,” वनिता म्हणाली.

मारलं नाही तिला कुणी. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिची आई उंबऱ्यात बसली आणि शांतपणे म्हणाली, “चार रोज बोईसरला ऱ्हायली नि पानी इसरली. मुंबैला गेली तर घर इसरंल.” मग उठून तिने आमच्यासाठी भात टाकला. दाराआडची खुंटी रिकामी होती. तिकडे तिची नजर गेली, पण कोयतीबद्दल तिने विचारलं नाही.

सुलूच्या पायाला वनिताने पट्टी बांधली. गरम पाणी, हळद आणि पिशवीतला तो रोल. इतकी सुरेख, इतकी घट्ट आणि हलकी पट्टी की बोईसरच्या डॉक्टरांनी नंतर ती सोडताना विचारलं, “कुणी बांधली? घरात नर्स आहे का कुणी?” बाबा म्हणाले, “हिची मैत्रीण.” आणि डॉक्टर म्हणाले, “हुशार आहे.”

बाबा आम्हाला न्यायला आले तेव्हा दिवस मावळत होता. निरोप घेताना आम्ही अंगणात उभ्या होतो आणि समुद्रावर कोर दिसत होती. बीजेची. नखाच्या कडेएवढी, जरा डोळा हलला तर हरवेल इतकी बारीक. वनिताची आई तिला हात जोडत होती. वनिता कोरीकडे बघत होती, मी स्कूटरच्या हँडलकडे.

बारावीला वनिताला माझ्यापेक्षा नऊ टक्के जास्त पडले. नर्सिंगला तिला पाठवलं नाही. मी पुण्याला गेले, फार्मसी केलं, नोकरी केली, लग्न केलं. तिच्या लग्नाला आले होते. स्टीलचा मोठा डबा दिला आणि जेवायला न थांबता निघाले. तिने त्यानंतर दोन-तीनदा फोन केले, मी ‘येते गं एकदा’ म्हणत राहिले. सुलू अजूनही ती हकीकत रंगवून सांगते, पाणी दर वर्षी थोडं वाढतं, आणि घरातले सगळे हसतात. मीही हसते.

आणि आता हे पान.

मी ते घडी करून पर्समध्ये टाकलं, आईला म्हटलं, “तासाभरात येते,” आणि रिक्षा करून नवापूरला गेले. किनाऱ्याला आता दगडी बांध घातलाय. बोंबलांच्या काठ्या आहेत, कमी आहेत. वनिताचं घर गावातच, दोन आळ्या सोडून. तिच्या आईचं जुनं घर बंद असतं. वनिता ओट्यावर बसून मासळी साफ करत होती. केस पांढरे झालेले, चष्मा नाकावर घसरलेला. मला पाहून तिला इतका आनंद झाला की मला पाय मागे घ्यावासा वाटला.

“गो बाय! इतक्या वर्सांनी वाट सापडली? बस, बस. चा ठेवते. हे एवढं उरकू दे.”

ती बोलत राहिली. मुलगा बोईसरला कामाला आहे, मुलगी पालघरला नर्सिंग करते. “हां, नर्सिंग,” ती हसून म्हणाली. “पट्टी अजून मलाच चांगली बांधता येते.” आई चार वर्षांपूर्वी गेली. आळीतल्या बायकांना आता पाणी वनिताच सांगते. “आय मरेस्तोवर मला रोज इचारायची. सकाळी उठल्या उठल्या. आज तिथी कोनती, भरती किती वाजता. पोरं व्हती मला दोन, तरी इचारायची. मी सांगायची. तवा कुठं ती चा प्यायची.”

मी पर्समधून पान काढलं. उलगडून तिच्यासमोर ओट्यावर ठेवलं आणि त्या चौकटीवर बोट ठेवलं. चष्मा वर करून तिने वाचलं आणि हसली.

“बाबो, हे अजून जपलंस? सोड गो. मला तवाच कळलं व्हतं, तुझी वाचायला चूक झाली. क्यालेंडरात असतंच इतकं बारीक. मीच उठून बघायला पायजे व्हतं.”

सव्वीस वर्षं तिने माझ्यासाठी हे कारण तयार ठेवलं होतं. मला फक्त हो म्हणायचं होतं. ते फार सोपं होतं, आणि खरं सांगायचं तर मी क्षणभर तोंड उघडलंही होतं, तेच म्हणायला.

“चूक नव्हती झाली,” मी म्हणाले. “मी नीट वाचलं होतं. बीज. पहाटे उठायचा कंटाळा आला होता मला. म्हणून चौथ सांगितली.”

तिच्या हातातला मासा तसाच राहिला.

“कंटाळा?” ती म्हणाली.

“हो.”

“वाटंत पन इचारलं मी. त्या बायका परत येत व्हत्या तवा.”

“हो.”

 मासा साफ करून तिने टोपात टाकला, दुसरा घेतला. कोयत्याचा पाटावरचा आवाज तेवढा येत होता. मी काय काय म्हणाले ते आता आठवत नाही. माफी मागितली असणार, रडले हे नक्की. तिने मला रडू दिलं. उगी म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. बऱ्याच वेळाने तिने पलीकडे बघत म्हटलं, “आयला सांगायला पायजे व्हतं गो. मला नाय सांगितलंस तरी चाललं असतं.”



मग चहा झाला. तिनेच केला, आलं घालून, आणि बशीत दोन बिस्किटंही ठेवली. मी चहा प्यायले. आई वाट बघत असेल म्हणून उठले. ती पुन्हा मासळीकडे बसली होती, हात मनगटापर्यंत खवल्यांनी भरलेले. दार उघडंच होतं आणि आतल्या भिंतीवर, माझ्या अगदी जवळ, कॅलेंडर लटकत होतं. समोरच्या घरातून कुणीतरी बाई ओरडून विचारत होती, “वनितावयनी, रविवारी किती वाजता निघायचं?”

वनिताने हातातला मासा टोपात टाकला. मग मान वर न करता मला म्हणाली, “रविवारी तिथी कोनती पडते बघ जरा.”

मी कॅलेंडरजवळ गेले. चष्मा लावला. चौकट शोधली, दोनदा वाचली, महिना बरोबर आहे ना तेही पाहिलं.

“शुद्ध तृतीया,” मी म्हणाले.

“तीज,” ती स्वतःशी म्हणाली. बोटांची पेरं मोजली. सव्वादोनला भरती, मीही मनात तेच मोजत होते. समोरची बाई दारात उभी राहून वाट बघत होती. वनिता उठली, बादलीत हात धुतले, पदराला पुसले. आत आली, माझ्या बाजूने वाकून कॅलेंडरच्या त्या चौकटीवर ओलं बोट ठेवलं आणि चष्मा सावरत सावकाश वाचलं.

“बराबर हाय,” ती म्हणाली, आणि ओट्यावर जाऊन त्या बाईला वेळ सांगितली.